रत्नातले पाणी

आईच्या दागिन्यांत एक अंगठी होती. सोने बेताचेच, वर अंडाकृती गडद खडा; आणि तो उजेडात जरा फिरवला की त्याच्या पोटात मोराच्या गळ्यावरचे हिरवे-निळे आणि मधूनच एखादी केशरी ठिणगी असे रंग जागा बदलत धावत. वडील मालवाहू जहाजावर इंजिनियर होते. १९७३ साली सिडनी बंदरात मिळालेल्या एका मोकळ्या दुपारी त्यांनी ती आईसाठी घेतली आणि खड्याचे नाव ओपल, एवढीच माहिती त्या अंगठीबरोबर आमच्या घरात आली. आई ती वर्षातून दहाबारा वेळा घालत असे: लग्नकार्ये, दिवाळी, वडील बोटीवरून परत यायचे तो दिवस. घरी आल्यावर पाय धुण्याच्याही आधी ती अंगठी उतरवून चांदीच्या डबीत ठेवी. का, म्हणून विचारले की तिचे उत्तर ठरलेले असे: 'त्याला पाणी सोसत नाही.'

या लेखातले 'आम्ही' आदरार्थी नाही आणि संपादकीयही नाही. आम्ही दोघी बहिणी आहोत. थोरलीने महाविद्यालयात मराठी शिकवले, धाकटीने इंग्रजी. मराठीत द्विवचन उरले असते तर तेच वापरले असते. ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे तीत दोघींचा वाटा सारखा आहे, आणि दोष वाटून घेण्यासाठी व्याकरणाची यापेक्षा चांगली सोय आमच्यापाशी नाही.

आई २०१६ साली गेली. वाटण्या भांडणाविना झाल्या, पण अंगठीपाशी दोघींनीही हात मागे घेतला. कोणीच नेऊ नये, दोघींच्या नावे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, असे ठरले. ठेवण्यापूर्वी आम्ही आमच्या पेशाला साजेसे वागलो, म्हणजे वाचन केले. ओपलमध्ये पाणी असते, कोरड्या हवेत ते उडून जाते आणि खड्याला तडे जातात. म्हणून दीर्घकाळ ठेवायचा असेल तर तो ओल्या कापसाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, असे आम्हांला वाचायला मिळाले. आईचे म्हणणे नेमके उलटे ठरत होते. 'बिचारीला कुणी सांगितलं नसेल,' असे आम्ही एकमेकींना म्हटल्याचे आठवते. तिची डबी बाजूला ठेवून ओला बोळा, पिशवी आणि वर चिकटपट्टी असा शास्त्रोक्त बंदोबस्त आम्ही केला. दर सहा महिन्यांनी आमच्यापैकी एक बँकेत जाऊन बोळा पुन्हा ओला करून येई. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कित्येक महिने जाता आले नाही, तेव्हा फोनवर आमचे बोलणे व्हायचे ते आजारपणांविषयी आणि त्याखालोखाल त्या बोळ्याविषयी.

२०२२ च्या उन्हाळ्यात धाकटीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी अंगठी बाहेर काढली. खड्यात धुके शिरले होते. कडेकडेने राखाडी, मध्यावर दुधी; आणि त्या दुधाच्या तळाशी एक हिरवा ठिपका, तेल संपत आलेल्या समईसारखा.

खडा का बिघडला हे समजून घेण्यात पुढचे काही महिने गेले. त्या काळात ओपलविषयी जे कळले ते आधी सांगतो, कारण त्यावाचून आमची चूक नेमकी कोणती होती ते ध्यानात यायचे नाही.

*

रत्नांच्या बाबतीत मराठीत 'पाणी' या शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे. मोत्याला पाणी असते, हिऱ्याचे पाणी पारखतात, पाणी उतरलेला मोती कुणी घेत नाही. हे पाणी म्हणजे तेज. आपल्या समीक्षेने जवाहिऱ्याच्या पेढीवरून पुष्कळ शब्द उसने आणले आहेत: पैलू, कस, कसोटी, कोंदण, पारख. वर्गात आम्ही हे शब्द इतकी वर्षे वापरले की त्यांच्या मागे खरोखरीची हत्यारे, खरोखरीचे दगड आणि डोळ्याला भिंग लावून बसलेली माणसे आहेत याचा विसर पडला. ओपलची गंमत अशी की त्याच्यात 'पाणी' दोन्ही अर्थांनी असते, आणि एका अर्थाचे पाणी दुसऱ्यावर अवलंबून राहू शकते.

नावापासूनच सुरुवात करू. 'ओपल' हे नाव लॅटिन 'ओपालुस' या शब्दावरून आले, आणि त्याचे मूळ अनेक भाषाभ्यासक संस्कृत 'उपल' म्हणजे दगड, रत्न, या शब्दात पाहतात. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या ३७व्या भागात ओपलचे वर्णन केले आहे. हे रत्न भारतातून येते अशी त्याची समजूत होती. (युरोपातल्या जुन्या ओपलचा उगम म्हणून आज सहसा स्लोव्हाकियातल्या दुब्निकच्या खाणींकडे बोट दाखवले जाते.) नोनियस नावाच्या सिनेटरची कथाही तिथेच आहे: मार्क अँटनीला त्याच्या अंगठीतला ओपल हवा होता, नोनियसने सगळी मालमत्ता मागे टाकून परागंदा होणे पत्करले, पण अंगठी तेवढी सोबत नेली. त्याच प्रकरणात प्लिनी आणखी एक गोष्ट नोंदवतो, जिच्याकडे आम्ही पहिल्या वाचनात लक्ष दिले नाही. काचेत ज्याची इतकी हुबेहूब नक्कल होते असे दुसरे रत्न नाही, असे तो म्हणतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत ओपल म्हणजे जलयुक्त सिलिका. नदीकाठी सापडणारी गारगोटी हीसुद्धा सिलिकाच. पण गारगोटीत अणू स्फटिकाच्या शिस्तीत बसलेले असतात, ओपलमध्ये तशी स्फटिकरचना नसते. मग रंग येतात कुठून? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दिले. मौल्यवान ओपलच्या आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल असतात, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर व्यासाचे, आणि फळवाला संत्री रचतो तसे ते थरावर थर रचलेले असतात. गोल एकसारखे असले तर त्यांच्यामधल्या फटीही सारख्या अंतरावर येतात, आणि त्या जाळीतून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग सुटे होतात. लहान गोलांतून निळा आणि जांभळा, मोठ्या गोलांतून केशरी आणि लाल. म्हणूनच लाल झाक असलेला ओपल दुर्मीळ आणि महाग. गोल लहानमोठे किंवा विस्कटलेले असले तर रंग दिसतच नाही. अशा मुक्या ओपलला खाणकामगार 'पॉच' म्हणतात. रंगद्रव्य असे त्या दगडात कुठेच नसते. सगळी शोभा मांडणीची आणि मांडणीतल्या मोकळ्या जागांची. आणि या दगडातच, फटींत आणि सिलिकेला बिलगून, पाणी असते. वजनाच्या साधारण सहा ते दहा टक्के, काही प्रकारांत वीसच्याही आसपास.

*

'टिकाऊ' हा आपल्याकडे एकच शब्द आहे. पुस्तक टिकाऊ, वस्त्र टिकाऊ, मैत्री टिकाऊ. रत्नशास्त्र मात्र तो शब्द तीन गुणांत वाटून घेते. पहिला कठीणपणा, म्हणजे ओरखड्याला दाद न देणे. दुसरा चिवटपणा, म्हणजे आघात सोसून अभंग राहणे. तिसरा स्थैर्य, म्हणजे उष्णता, उजेड, रसायने आणि हवेतली आर्द्रता यांनी न बदलणे. हे तीन गुण एकत्र नांदतातच असे नाही. हिऱ्याइतके कठीण काही नाही, पण नेमक्या दिशेने घाव बसला तर हिरा दुभंगतो. जेडचा नेफ्राइट हा प्रकार कठीणपणात हिऱ्याच्या जवळपासही नाही, पण चिवटपणात तो हिऱ्याला मागे टाकतो. हे वाचताना थोरलीला आपण शिकवलेल्या 'अक्षर वाङ्मय' या शब्दाची आठवण झाली. जे क्षर होत नाही ते अक्षर, असे आपण सांगतो. पण ओरखड्याने, आघाताने की वातावरणाने, हे विचारायचे राहून जाते.

ओपल या तिन्ही परीक्षांत काठावर बसतो. कठीणपणाच्या मोज़ मापावर त्याचा क्रमांक साडेपाच ते साडेसहा, गारगोटीचा सात. घरातल्या धुळीत गारगोटीचे कण असतातच, त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसण्याच्या सवयीनेसुद्धा ओपलची झिलई वर्षागणिक मंदावते. चिवटपणा बेताचा: ओट्याच्या कडेवर आपटला तर टवका उडतो. स्थैर्याची कथा सर्वांत गुंतागुंतीची. एकाएकी तापवले वा गार केले की तो तडकतो, म्हणून जाणता सोनार झाळकाम पूर्ण झाल्याशिवाय ओपल अंगठीत बसवत नाही आणि नंतर दुरुस्तीची वेळ आली तर ज्योत पेटवण्यापूर्वी खडा काढून ठेवतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर तो स्वच्छ करायचा नसतो. आणि काही खाणींतला ओपल बाहेरच्या हवेत पाणी गमावतो, तेव्हा त्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात व्हर्जिन व्हॅली नावाची जागा आहे. तिथले ओपल सौंदर्यात कुणाला हार जाणार नाहीत, पण तडकण्यासाठी ते इतके कुप्रसिद्ध आहेत की संग्राहक ते पाण्याने भरलेल्या काचपात्रांत ठेवतात. अंगावर घालण्याचे रत्न, आणि ते माशासारखे पाण्यात ठेवून पाहायचे!

एवढे वाचल्यावर हा दगड क्षणभंगुर आहे असे कुणालाही वाटेल. पण सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये 'एरिक' या लाडक्या नावाचा एक सांगाडा आहे. समुद्रात राहणाऱ्या प्लेसिओसॉर जातीच्या प्राण्याचा, अकरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, १९८७ साली कूबर पेडीच्या खाणीत सापडलेला. त्याची हाडे राहिलेली नाहीत. हाडांच्या जागी, हाडांच्याच आकारात, ओपल आहे. जमिनीखाली, आपल्या जागी, ओपल कोट्यवधी वर्षे राहतो. प्रश्न उभा राहतो तो आपण त्याला बाहेर काढून बोटात घालतो तेव्हा.

घाट देणाऱ्या कारागिराचे सगळे कौशल्य या स्थित्यंतरात खर्ची पडते. हिऱ्यासारखे पैलू ओपलला सहसा पाडत नाहीत; वरून घुमटासारखा गोलवा आणि खाली सपाट बैठक, हा त्याचा नेहमीचा घाट. कच्चा दगड हिऱ्याच्या कणांच्या चाकांवर, सतत पाण्याच्या धारेखाली, घासला जातो. हाताळायला तो मेणाने काडीवर चिकटवतात. पण मेण फार तापवायचे नाही, आणि चाकावर दगड क्षणभरही कोरडा पडू द्यायचा नाही. शेवटी चामड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइडने झिलई. ज्या खाणीचा भरवसा नाही तिथला दगड कित्येक कारागीर महिनोन्‌महिने नुसता बाजूला ठेवतात. तडकायचा असेल तर त्याने आधीच तडकावे, म्हणजे श्रम फुकट जायचे नाहीत. बसवताना चार नख्यांत उघडा धरण्यापेक्षा चहूबाजूंनी सोन्याची कड देणारे कोंदण बरे, कारण टवका उडतो तो कडेनेच. अंगठीपेक्षा पदक किंवा कर्णभूषण बरे, कारण हातासारखा मार गळ्याला आणि कानाला बसत नाही. 'शब्दांचे कोंदण' हा प्रयोग आम्ही आयुष्यभर शोभेच्या अर्थाने केला. कोंदणाचे पहिले काम धरून ठेवणे आणि झाकणे हे आहे, हे साठीनंतर कळले.

*

आईच्या वाक्याकडे आता वळतो. धाकटीच्या मनात त्या वाक्याची जागा फार पूर्वी ठरून गेली होती, आणि ती वॉल्टर स्कॉटच्या शेजारी होती. १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅन ऑफ गायरस्टाइन' या त्याच्या कादंबरीत हर्मायनी नावाची एक गूढ स्त्री केसांत ओपल माळते. तिच्या मनःस्थितीप्रमाणे तो उजळतो आणि मंदावतो. एकदा पवित्र जलाचे काही थेंब त्या ओपलवर पडतात. तो एकदाच लखकन चमकतो आणि साध्या खड्यासारखा निस्तेज होतो. हर्मायनी मूर्च्छित पडते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी मूठभर राख उरते. वास्तविक हा प्रसंग कादंबरीतला निवेदक स्वतःच्या जबाबदारीवर सांगत नाही; एक पात्र दुसऱ्याला सांगत असलेली ती ऐकीव कहाणी आहे. पण वाचकांनी चौकटीची पर्वा केली नाही. या कादंबरीनंतर युरोपात ओपल अशुभ ठरला आणि त्याचा भाव पडला, असे सांगितले जाते. पडझडीचे सगळे खापर एका कादंबरीवर फोडणे अवघड आहे; घडवताना हातून तडकलेल्या खड्याचा दोष खड्याच्याच माथी मारणे कारागिरांनाही सोयीचे असणार, असेही सुचवले गेले आहे. काही असो, व्हिक्टोरिया राणीची आवड आणि १८९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या व्हाइट क्लिफ्सच्या खाणींतून येऊ लागलेला नवा माल यांनी ओपलला पुन्हा चांगले दिवस दाखवले.

धाकटीने हा प्रसंग कितीदा तरी वर्गात सांगितला होता. थेंबभर पाण्याने मरणारे रत्न हे तिच्या लेखी शुद्ध कल्पित होते; विज्ञान सांगते की ओपलला पाणी हवे असते. आणि मग आई तरी वेगळे काय म्हणत होती? तिचेही वाक्य त्याच कप्प्यात गेले: सुंदर, परंपरागत, चूक. थोरलीने त्यावर लोकश्रद्धांची दोनचार उदाहरणे रचली. आम्ही दोघींनी मिळून त्या वाक्याचा अर्थ लावला, वर्गीकरण केले आणि ते निकालात काढले. ते एक साधे विधान असू शकेल, एका विशिष्ट वस्तूविषयी केलेले, खरे किंवा खोटे म्हणून तपासून पाहण्याजोगे, असे आमच्या मनात आले नाही.

अंगठी घेऊन आम्ही पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका माडीवर गेलो. जयपूरला काम शिकलेला, उपरत्नांना घाट देणारा एक वयस्क कारागीर तिथे खिडकीशी बसतो. एव्हाना आमच्या वाचनात लायटनिंग रिजचा काळा ओपल आला होता, सगळ्या ओपलमध्ये सर्वांत मोलाचा. आणि आमचा खडा गडद असल्यामुळे तो त्याच कुळातला असणार अशी आमची खात्री झाली होती. वडिलांच्या १९७३च्या पगाराचा हिशेब मात्र आम्ही केला नव्हता.

त्यांनी डोळ्याला भिंग लावले, अंगठी तिरकी धरली, मग कोंदणाची कड एका बाजूने जराशी उचलली आणि पुन्हा पाहिले.

'पाण्यात ठेवली होतीत का?'

आम्ही बोळ्याची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत, याबद्दल आम्ही त्यांच्या ऋणी आहोत.

'ताई, हा ट्रिप्लेट आहे. ओपल आहे, खरा आहे, पण कागदाएवढा पातळ. खाली काळा तुकडा, वर काचेचा घुमट, आणि मध्ये हा पापुद्रा; तिन्ही डिंकानं चिकटवलेले. डिंकात पाणी शिरलंय. आणि पुण्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते, इथं कसली कोरडी हवा!'

आम्ही गप्प बसलेलो पाहून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खणातून दुधी रंगाचा एक तुकडा काढून तो पेलाभर पाण्यात टाकला. इथिओपियाच्या वोलो भागातला ओपल. २००८ पासून हा माल बाजारात येऊ लागला आणि जयपूरला त्याचे बरेच काम होते. हा ओपल अंगात पाणी शोषून घेतो. आमचे बोलणे संपेपर्यंत तुकडा शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक झाला होता आणि त्यातले रंग दिसेनासे झाले होते. 'दोनतीन दिवस सुकू दिला की परत येतील,' ते म्हणाले. पण पाण्याबरोबर जे काही येईल तेही हा दगड पिऊन टाकतो: तेल, अत्तर, साबण, रंग. हिऱ्याऐवजी शुक्राचे उपरत्न म्हणून हल्ली तो पुष्कळांना सुचवला जातो आणि बोटातून उतरवू नका असेही सांगितले जाते. मग तीच अंगठी घालून अंघोळ, तीच घालून कणीक. हळदीने पिवळा पडलेला एक खडा त्यांनी आम्हांला दाखवला.

थेंबभर पाण्याने निस्तेज होणारे रत्न आमच्या समोर पेल्यात पडले होते. स्कॉटने असा दगड कधी पाहिला होता का हे सांगता येणार नाही; पण धाकटीच्या वर्गातली ती ठाम टिप्पणी त्या पेल्यात विरघळली, हे मात्र खरे.

*

तेव्हा हिशेब असा होता. नेवाडाच्या ओपलला पाण्यात ठेवावे लागते. इथिओपियाच्या ओपलला पाण्यापासून जपावे लागते. ऑस्ट्रेलियातला चांगला अखंड ओपल पाण्याने बिघडत नाही; कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच त्याला पुरते, तेलात बुडवून ठेवण्याची जी रीत सांगतात तिचा उपयोग काही नाही. आणि दोन किंवा तीन थर चिकटवून केलेल्या ओपलला पाण्यात बुडू देऊ नये, कारण तिथे टिकाऊपणा दगडाचा नसतो, डिंकाचा असतो. एका नावाखाली चार स्वभाव. आम्ही नावाविषयी वाचले, आणि हातातल्या वस्तूकडे पाहिले नाही. भिंग घेऊन, अंगठी तिरकी धरून, एक मिनिट पाहिले असते तरी घुमटाच्या तळाशी बसलेला रंगाचा पापुद्रा दिसला असता. संहिता बाजूला ठेवून तिच्याविषयीची टिपणे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही जे बोललो आहोत ते सर्व आम्हांला त्या माडीच्या जिन्यावर आठवले.

आईला आपला खडा काय आहे ते ठाऊक होते का? हा प्रश्न आम्ही एकमेकींना अजूनही विचारतो. सिडनीच्या दुकानदाराने वडिलांना सांगितले असणार, वडिलांनी आईला, आणि आईने आम्हांला. तीन तोंडांतून येताना कारण वाटेत गळाले आणि सूचना तेवढी उरली. सूचना बिनचूक होती. त्रेचाळीस वर्षे तिने ती पाळली आणि तेवढी वर्षे दोन डिंकांच्या भरवशावरचा तो खडा जसाच्या तसा राहिला. त्या वाक्याचे कोंदण निसटले होते, म्हणून आम्हांला ते अंधश्रद्धेचे वाटले. वडील १९९१ साली गेले. विचारायला हवे होते तेव्हा आम्ही वाक्याचे सौंदर्य पाहत होतो.

खड्याची किंमत कळल्यावर आम्हांला थोडे वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. काळ्या ओपलच्या मानाने ट्रिप्लेट म्हणजे किरकोळ वस्तू. पण मग वडिलांचे वय आठवले: तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, आणि परवडेल त्या पैशांत त्यांनी खरे रंग आणले. प्लिनीने नक्कल ओळखण्याची जी कसोटी दिली आहे, उन्हात धरून रंग बदलतात का पाहण्याची, तिला आमचा खडा २०१६ पर्यंत सहज उतरला असता. पापुद्रा खराच होता. त्याला टिकवायचे काम वर काच, खाली काळा तुकडा, भोवती सोन्याची कड आणि पाय धुण्याआधी अंगठी उतरवणारी एक बाई, एवढ्या सगळ्यांनी मिळून केले. त्यांतला शेवटचा थर आम्ही काढून घेतला.

थर सोडवून खडा पुन्हा जोडता येईल का, असे आम्ही विचारले. कारागीर नको म्हणाले. इतका पातळ ओपल सोडवताना बहुधा चुरा होतो. कोरड्या हवेत तशीच राहू द्या, धुके थोडे ओसरले तर ओसरले, असे त्यांनी सांगितले. उचललेली कड त्यांनी पुन्हा बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

अंगठी आता लॉकरमध्ये नाही. ती आईच्याच डबीत, आळीपाळीने दोघींच्या घरी असते. मध्यावरचा दुधाळपणा काहीसा निवळला आहे. कडेचे राखाडी वलय तसेच आहे आणि ते जाणार नाही. गेल्या दिवाळीत धाकटीच्या मुलीने ती दिवसभर घातली. संध्याकाळी सगळे परत आल्यावर ती पाय धुवायला निघाली, तेव्हा आम्ही दोघी एकदमच म्हणालो, 'आधी अंगठी काढ.' तिने कारण विचारले. आम्ही तिला आजीचे वाक्य जसेच्या तसे सांगितले, आणि मग दिव्याखाली बसवून तिच्या हातात भिंग दिले. अंगठी तिरकी कशी धरायची ते दाखवले. बराच वेळ तिला काही दिसेना. मग ती म्हणाली, 'रंग खाली आहेत, अगदी तळाशी. वर नुसती काच आहे.'

आम्ही डबी उघडून तिच्यापुढे धरली.